बिनशत्रूचा खेळ

खेळ म्हटला की शेवटी कोणीतरी हरलं पाहिजे, या तत्त्वावर आमची पिढी वाढली. पिंपळीला आमच्या लहानपणी विटीदांडू, गोट्या, सूरपारंब्या आणि नीरा डाव्या कालव्यात उड्या मारणे एवढे खेळ होते. पैकी पहिल्या तिन्हींत कोणीतरी एक हरायचा आणि चौथ्यात सगळेच. कारण कालव्यात उतरायला घरून सक्त मनाई होती आणि ओली चड्डी फार बोलकी असते. देवळापुढच्या फरशीवर नवकांकरीचा पट कोरलेला होता. तिथे सत्तरीची माणसं खड्यांवरून अशी भांडायची, की बांधावरच्या तंट्याची ती रंगीत तालीम वाटावी. पुढे मी बी. कॉम. झालो, बँकेत चिकटलो, आणि तिथे तर संध्याकाळी रोकड जुळली नाही की हरलेला माणूस कोण, हे शोधायला आठ जण बसतात.

तेव्हा 2025 च्या एप्रिलात पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारा आमचा पुतण्या बारामतीला सुट्टीवर आला आणि लॅपटॉप उघडून म्हणाला, "काका, हा गेम बघा. यात शत्रू नाही, पॉइंट नाहीत, मरायचंसुद्धा नाही," तेव्हा मला काही उमगेना.

"मग पैसे कशाचे घेतात?" मी विचारलं. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला पहिला प्रश्न हाच सुचतो.

"काका, इंडी गेम आहे."

इंडी मला माहीत आहे. सोलापूरहून विजापूरकडे जाताना लागतं. तिथली लिंबं प्रसिद्ध. लिंबांखेरीज तिथे आता खेळही पिकू लागले हे ऐकून मला बरंच वाटलं. मग खुलासा झाला की 'इंडी' हे 'इंडिपेंडंट'चं लाडाचं नाव. पाठीशी बडी कंपनी नाही, भांडवल नाही. दोनचार माणसं, कधी तर एकटाच माणूस, आपल्या हिमतीवर खेळ तयार करतो. म्हणजे आमच्या भाषेत, तारण नाही, जामीनदार नाही, आणि व्यवसायाचं स्वरूप काय तर 'आठवणी'. अशांचे कर्जाचे अर्ज कोणत्या फायलीत जातात हे मला ठाऊक असल्यामुळे त्या अनोळखी माणसाविषयी माझ्या मनात एकदम करुणा दाटून आली.

हा माणूस निघाला गोव्यातला. अरमान संधू त्याचं नाव. 'फ्रॉस्टवुड इंटरअॅक्टिव्ह' अशी पाटी लावून त्याने 2019 साली 'रेनस्वेप्ट' नावाचा एक खेळ केला, आणि 2021 च्या एप्रिलमध्ये हा दुसरा, 'फरगॉटन फील्ड्स'. म्हणजे विसरलेली शेतं. पिंपळीच्या माणसाला हे नाव पटण्यासारखं नाही. आमच्याकडे माणूस बायकोचा वाढदिवस विसरेल, पण शेत, त्यातही शेजाऱ्याने कोरलेला वीतभर बांध, मरेपर्यंत विसरत नाही.

खेळाची गोष्ट अशी. सिड नावाचा एक लेखक आहे. त्याला नवं काही सुचत नाही आणि मुदत तर डोक्यावर येऊन बसलेली. (इथे मला मार्चअखेर आठवला.) तेवढ्यात आईचा फोन येतो. लहानपणचं घर विकायचं ठरलंय. विकण्याआधी सगळ्यांनी एकदा तिथे शेवटचं जमू या. तो जातो. झालं, एवढाच खेळ. घरात, आसपास हिंडायचं, जुनी माणसं भेटतील त्यांच्याशी बोलायचं, मधूनच त्याच्या डोक्यातल्या गोष्टीत शिरायचं आणि पुन्हा बाहेर यायचं. ठो नाही, ठा नाही. पुतण्याच्या आधीच्या खेळांत मिनिटाला चार माणसं पडायची. इथे बराच वेळ कोणी पडेना, तशी मला चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं.

"घर कुणाच्या नावावर आहे?" मी विचारलं.

"काका, ते गेममध्ये नाहीये."

"वारस किती?"

"माहीत नाही."

"घरावर बोजा आहे का? असेल तर उतरवला का?"

पुतण्याने लॅपटॉप किंचित पलीकडे सरकवला. पण माझे प्रश्न अगदीच अस्थानी नव्हते. खुद्द गोव्यात पोर्तुगीजांनी आणलेल्या 1867 च्या दिवाणी कायद्यातली वारशाची तत्त्वं अजून बऱ्याच अंशी चालू आहेत, आणि त्यांत मुलगा-मुलगी हा भेद नाही. मुलांचा ठरावीक वाटा आईबापांनाही मारता येत नाही. त्यामुळे तीन पिढ्यांत एकेका घराला चाळीस-चाळीस मालक होतात, एक लिस्बनला, एक मस्कतला, एक मुंबईत गिरगावात. आणि घर मात्र कुलूप लावून पावसात भिजत उभं. अशा मुलखातल्या माणसाने आईच्या एका फोनवर घर विकायला काढलेलं दाखवावं, याला मी कल्पनाविलास म्हणतो. पण लेखक सिड होता, मी नव्हतो. आणि त्याला सह्या गोळा करायच्या नव्हत्या.

मला करायच्या होत्या.

आता हे सांगायलाच हवं. पिंपळीला गावठाणात आमचं माळवदाचं घर आहे. आजोबांनी कालव्याच्या उसावर बांधलं. 1876-77 चा दुष्काळ पडला, त्यातून इंग्रजाने नीरेचं पाणी कालव्याने या कोरड्या मुलखात आणलं, त्या पाण्यावर ऊस आला, उसावर आमचे आजोबा आले आणि आजोबांवर आम्ही. असा सगळा उभा वंश. वडील गेले, दोघे चुलते, एक पुण्याला, एक पिंपरीला. मी बारामतीत, म्हणजे स्कूटरवर पाव तासाच्या अंतरावर. लांब राहणाऱ्याला गावाला न जाण्याची सबब असते. जवळ राहणाऱ्याला ती रोज नवी शोधावी लागते, आणि त्या कामी मी बऱ्यापैकी वाकबगार आहे. घर वर्षभर बंद असायचं. फक्त आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून पिंपळी-लिमटेकवरून काटेवाडीकडे जाते त्या दिवशी उघडायचं.

घराला एक गिऱ्हाईक आलं होतं. पालखी महामार्ग झाल्यापासून आमच्या मातीच्या भिंतींना असा काही भाव आला की आजोबा हयात असते तर त्यांनी त्याच आनंदात एकदा त्या सारवल्या असत्या. चुलत्यांचं ठरलं. सह्यांचं काम ओघानेच माझ्याकडे आलं, कारण बँकेतला माणूस म्हणजे फॉर्म भरायला जन्मलेला. आणि सह्यांत सगळ्यात महत्त्वाची सही आत्याची. हक्कसोडपत्रावर.

आत्या दिली निमगाव केतकीला, पानमळ्यांच्या गावात. वय पंचाहत्तरच्या आसपास. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, हे कायद्याच्या पुस्तकात स्वच्छ छापलंय. पण गावोगावचा रिवाज असा, की बहिणीचा हिस्सा ही मागायची वस्तू नसून सोडायची वस्तू आहे. आणि तो सोडल्याबद्दल साडी मिळते. चुलत्यांनी साडीचा रंगसुद्धा ठरवून टाकला होता.

योगायोगाने आत्या त्याच आठवड्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आली होती. डॉक्टरांनी डोळ्यांना ताण देऊ नका म्हणून बजावलेलं. म्हणून ती काळा चष्मा लावून, पुतण्याच्या खांद्याआडून, लॅपटॉपच्या पडद्याकडे एकटक बघत बसली.

"ह्यो कोन रं?"

"सिड, आत्याआजी."

"शिदू का? कुनाचा?"

पुतण्याने सगळी गोष्ट सांगितली. घर विकणार, त्याआधी शेवटचं जमायचं, वगैरे. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "शिदूला भन न्हाई?"

"अजून तरी दिसली नाही."

"मंग सही कोन करनार?"

माझ्या हातातला चहा हिंदकळला. हिने दिवाणखान्यातून माझ्याकडे पाहिलं. हे पाहणं अठरा वर्षांच्या संसारात मी चांगलं ओळखतो. त्याचा अर्थ 'बघा, मी म्हणत नव्हते?' असा असतो.

त्यानंतर खेळ पुतण्या खेळत होता असं म्हणणं धाडसाचं ठरेल. बटणं तो दाबायचा, हुकूम आत्याचा. "आत जा. पयल्यांदा आईला भेट. तिला इचार जेवलीस का." खेळात असा प्रश्न विचारायची सोय नव्हती, याचं तिला वाईट वाटलं. "थोराघरचं पोर दिसतंय, पन वळन न्हाई," असं तिचं मत पडलं. मग एका बंद दारापाशी तिने हट्ट धरला, ते उघड. पुतण्या म्हणाला, "आजी, सगळीच दारं उघडत नाहीत. काही नुसती दाखवायला असतात."

"मंग बराबर हाय," आत्या म्हणाली. "लगीन झाल्यावर समदी कुठं उघडत्यात?"

पुतण्याने बटणावरचं बोट काढलं. थोडा वेळ सिड आपल्या घरात तसाच उभा राहिला.

विषय बदलावा म्हणून मी पुतण्याला विचारलं, की असले खेळ हा एकटाच माणूस करतो, की हा काही पंथ आहे? पंथ आहे म्हणाला. अमेरिकेत 2013 साली 'गॉन होम' नावाचा खेळ निघाला. त्यात एक मुलगी परदेशातून घरी परतते, घरात कोणीच नाही, आणि मग घरभर हिंडून, खण उघडून, चिठ्ठ्या वाचून ती आपल्या माणसांचं काय झालं ते शोधते. रिकाम्या घरात रात्री शिरून खण उचकटणं याला आमच्याकडे वेगळा शब्द आहे, पण हा खेळ म्हणे जगभर गाजला. म्हटलं तर यात नवल नाही. आपल्याकडे मोक्षपट होताच. त्याचं नातं परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडलंय. पुढे त्याच जातीच्या खेळातून साहेबाने आपली सापशिडी काढली. मोक्षपटातही समोरच्याला मारायचं नसतं, आपलं आपणच चढायचं आणि आपल्याच दुर्गुणांनी गिळलं जायचं. फरक एवढाच, की आपल्या पूर्वजांना मोक्षाला जायची घाई होती आणि या नव्या मंडळींना घरी जायची आहे.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने आत्यासाठी म्हणून मुद्दाम दुसरा खेळ लावला. 'वेण्बा'. टोरोंटोच्या विसाई गेम्सने 2023 साली काढलेला. एक तमिळ जोडपं 1980 च्या दशकात कॅनडाला जातं. बाई घरात एकटी, नवऱ्याला धड नोकरी नाही, मूल होतं, ते इंग्रजी बोलायला लागतं आणि आईच्या डब्याची त्याला लाज वाटू लागते. तिच्याजवळ माहेरची पाककृतींची एक वही. पानं फाटलेली, शाई पुसलेली. आपण करायचं काय, तर त्या अर्धवट ओळींवरून पुढचं ओळखून पदार्थ जमवायचा. या खेळाला 2024 साली इंग्लंडचा बाफ्टा पुरस्कार मिळाला, पदार्पणाच्या खेळाचा. इडली केल्याबद्दल इंग्रजाने बक्षीस द्यावं, हा इतिहासाचा न्याय म्हणायचा.

पहिला पदार्थ इडलीच. पुतण्याने इडलीपात्राच्या थाळ्या एकीवर एक रचल्या आणि वाफ काही नीट फिरेना. दोनदा फसला. आत्या शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "भोकावर भोक नको यायला. मधली ताटली फिरीव जरा." फिरवली. इडल्या झाल्या. इंग्रजी येत नाही, तमिळ येत नाही, कॅनडा कुठे ते माहीत नाही, एका डोळ्याला पट्टी. आणि तीन वर्षं इंजिनिअरिंग शिकलेल्या मुलाला जे जमलं नाही ते बाईने शेंगा सोलता सोलता केलं. घरात आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बिनहारजितीचा खेळ असूनही इंजिनिअरिंग कॉलेज हरल्याचं माझ्या तरी मनाने नोंदवून घेतलं.

मग हिने वही आणली. आमच्या आईची, शाळेच्या जमाखर्चाच्या जुन्या रजिस्टरातली. त्यात 'हुलग्याची शेंगोळी' असं शीर्षक आणि खाली चारच ओळी: हुलग्याचं पीठ, लसूण, मिरची, आणि 'बाकी वन्संना विचारणे'. वन्सं म्हणजे आत्या. माझी आई जाऊन नऊ वर्षं झाली. त्या नऊ वर्षांत ही शेंगोळी करते, आम्ही खातो, चांगली होतात. पण बाकीचं कोणी वन्संना विचारलंच नव्हतं. हिने विचारलं. आत्या सांगू लागली आणि ही लिहू लागली. पीठ किती, तर "बसंल तेवढं". पाणी किती, तर "मागंल तेवढं". ऑडिटला हे चालायचं नाही. तरी हिने दोन पानं भरली.

बँकेत आमच्याकडे एक प्रकार आहे. खात्यात ग्राहकाने दोन वर्षं काहीच उलाढाल केली नाही, की ते खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं कोणी फिरकलं नाही, तर त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होते. 2014 पासून तशी योजनाच आहे. लोकांना वाटतं पैसे सरकारने खाल्ले. तसं नसतं. मालक कधीही येऊ शकतो. ओळख पटवली की रक्कम परत मिळते, व्याजाचं खातं असेल तर नियमाप्रमाणे व्याजही. अशा बेवारस ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेने 2023 साली एक संकेतस्थळ काढलं आणि त्याचं नाव ठेवलं 'उद्गम'. इंग्रजी अक्षरांची कसरत करून बनवलेलं नाव आहे, पण ज्याने बनवलं तो कारकून थोर असला पाहिजे. काउंटरवर अशी माणसं येतात. परवा एक बाई आल्या, वडिलांचं पासबुक घेऊन. शिल्लक होती एकशे बारा रुपये. मी म्हटलं, बाई, कागदपत्रांच्या झेरॉक्सला याहून जास्त जातील. त्या म्हणाल्या, जाऊ देत, पण त्यांचं आहे ते काढायचंय. मी फॉर्म दिला. हल्ली मी असल्या फॉर्मांना फार प्रश्न विचारत नाही.

पण आत्याचं ओळख पटवणं कसं करायचं, हा प्रश्न होता. कागदावर तिचं त्या घरात काही नव्हतं. सरकारने 2020 पासून गावठाणातली घरं ड्रोनने मोजायला घेतली, तेव्हा आमच्याही माळवदावरून ते यंत्र भिरभिरून गेलं होतं. वरून लांबी-रुंदी बरोबर येते. आत पंचाहत्तर वर्षांपूर्वी कोणाला कोणत्या कोपऱ्यात पाळण्यात घातलं, हे वरून दिसत नाही. ते यंत्राचं कामही नव्हे.

मे महिना उजाडला आणि पावसाळ्याच्या आधीच पाऊस कोसळला. 25 मे 2025. नीरा डावा कालवा पिंपळी-लिमटेकजवळ फुटला. ज्या पाण्यावर आमचा वंश उभा राहिला ते पाणी एकदम भेटायला आलं. रस्त्यावर पाणी, शेतात पाणी, लोकांच्या घरांत पाणी. आमच्या नशिबाने परड्यापर्यंत येऊन ते थांबलं. मागची भिंत तेवढी फुगून बसली. मी स्कूटर अर्ध्या वाटेत लावून, विजार गुडघ्यापर्यंत वर करून गेलो. दोन्ही चुलत्यांचे फोन आले. पहिला प्रश्न, "गिऱ्हाईक काय म्हणतंय?" आत्याचाही निमगावहून फोन आला. पहिला प्रश्न, "देवळीतला दिवा हाय का?"

देवळी म्हणजे भिंतीतला तो कोनाडा. दिवा पितळी, वीतभर. होता. मी तसं सांगितलं, तर म्हणाली, "पालखीच्या आदल्या राती म्या येनार हाय. सही करते, पन एक रात घरात ऱ्हाऊन."

जूनच्या अखेरीस पालखी आली. आदल्या रात्री सगळे पिंपळीला जमलो, अगदी सिडच्या घरी जमले तसे. दोघे चुलते, चुलत्या, त्यांची मुलं, सुना, पुतण्या, आम्ही. पहाटे वारकऱ्यांना पिठलं-भाकरी आणि चहा द्यायचा, त्याची तयारी. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराची चौकट बुटकी आहे, आजोबांच्या आईच्या उंचीची. रात्री नऊला वीज गेली. अंधारात एकेक जण त्या चौकटीवर डोकं आपटू लागला. थोरले चुलते आपटले, धाकटे आपटले, मी आपटलो. मिळकतीचे सगळे हिस्सेदार ओळीने कपाळ चोळत सोप्यावर बसले. पुतण्या मोबाइलचा उजेड पाडून मोजत होता; म्हणाला, स्कोअर सात.

तेवढ्यात आत्या उठली. एका हातात भाकरीच्या पिठाची परात, दुसरा हात रिकामा. उजेड नको म्हणाली. सोप्यावरून सरळ निघाली, मधला उंबरा बरोबर ओलांडला, चौकटीपाशी न थांबता मान खाली घातली आणि आत गेली. आत अंधारात भांडं वाजलं नाही, काही पडलं नाही. काड्यापेटी ओढल्याचा आवाज आला आणि देवळीत दिवा लागला. लग्न होऊन ती या घरातून गेली त्याला सत्तावन्न वर्षं झाली होती. माहेरपणाचे दिवस सगळे एकत्र केले तरी त्यातले किती इथे काढले असतील! पण मान बरोबर त्याच जागी खाली गेली.

कोणी काही बोललं नाही. धाकटे चुलते कपाळावर हात धरून त्या उजेडाकडे बघत राहिले. थोड्या वेळाने ते आत गेले, भावाला बहिणीने पोळपाट सरकवावा तसा तिने सरकवला, आणि सहकारी सोसायटीचे माजी चेअरमन आयुष्यात पहिल्यांदा लसूण सोलू लागले.

पहाटे पालखी आली. धूळ, टाळ, तुळशी डोक्यावर घेतलेल्या बाया, भाकरीसाठी पुढे येणारे हात. आत्या ओट्यावर उभी राहून वाढत होती. पुढे काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण बघायला पोरं पळाली. दुपारी घर पुन्हा रिकामं झालं आणि मी पिशवीतून हक्कसोडपत्राचा मसुदा काढला. कारण मुदत होती, आणि मुदत म्हटली की मला सुचेनासं होत नाही, हाच माझ्यात आणि सिडमध्ये फरक.

आत्याने चष्मा लावला. आता दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसत होतं. वाचता येतं तिला, चौथी शिकलेली आहे. अक्षरावर बोट ठेवून, ओठ हलवत वाचते. माझ्या बँकेत पदवीधर माणसं न वाचता सह्या ठोकतात, आणि ही बाई पहिल्या ओळीपासून निघाली. नाव, वय, धंदा घरकाम. मिळकतीचं वर्णन. चतुःसीमा. पूर्वेस रस्ता. दक्षिणेस बोळ. उत्तरेस शेजाऱ्यांचं घर. पश्चिमेस मोकळी जागा.

बोट थांबलं.

"पश्चिमंला आड हाय."

थोरले चुलते म्हणाले, "आक्का, आड बुजवला. आता तीस वर्सं झाली."

"बुजवला म्हंजे काय न्हाई झाला व्हय? त्या आडाचं पानी प्यालोय आपून. तुला पोहऱ्यासंगं आत पडताना कुनी धरलावता?"

हा प्रसंग आम्हां मुलांना नवा होता. चुलत्यांनी बायकोकडे पाहिलं नाही.

"मोकळी जागा न्हाई," आत्या म्हणाली. "आड ल्हिवा. मंग करते सही."

मी मसुदा बारामतीला ज्यांच्याकडून टंकून घेतला होता त्यांना फोन लावला. ते म्हणाले, साहेब, जागेवर नसलेली वस्तू चतुःसीमेत लिहिता येत नाही, दुय्यम निबंधक हरकत घेतील. मी म्हटलं, 'बुजवलेला आड' असं लिहिलं तर? ते म्हणाले, बुजवलेल्या आडाला सीमा म्हणायचं की काय, विचारून सांगतो. त्यांचं विचारून अजून झालेलं नाही. गिऱ्हाइकाने आगाऊ रकमेचा विषय दोनदा काढला आणि सध्या तेही गप्प आहे. फुगलेली मागची भिंत चुलत्यांनी वर्गणी काढून बांधून घेतली. विकायच्या घराची भिंत कशाला, असं कोणी म्हटलं नाही, मीही म्हटलं नाही. मसुदा माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्यावर पेन्सिलने 'पश्चिमेस' या शब्दापुढे आत्याने स्वतःच्या हाताने 'आड' असं लिहून ठेवलंय. आणि त्यातला 'ड' असा खोल काढलाय, की कागद पलीकडून उठलाय.